बारसं व्हायच्या आतल्या बाळाला अँटिबायोटिक देण्याआधी

१९९१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं औषधांचं दुकान सांगलीत, सिव्हिलच्या रस्त्याला. डी. फार्म. होऊन मी नुकताच काउंटरमागे उभा राहायला लागलो होतो. तासगावकडच्या एका गावातून एक आक्का आल्या. बरोबर लेक, आणि लेकीच्या खांद्यावर जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं नऊ दिवसांचं बाळ.

"दादा, पोराचं पोट फुगलंय, दूध घेईना झालंय. ग्राइप वॉटर द्या."

मी बाटली काढली. पैसे घेता घेता बाळाकडं लक्ष गेलं. ओठ निळसर, आणि कपाळ, गाल चुलीतल्या विझलेल्या राखेच्या रंगाचे. तळपायाला बोट लावलं तर गार. रडत नव्हतं, कुरकुरतही नव्हतं. हात सोडला की हात खाली पडायचा.

"आक्का, याला काही औषध चालू आहे का?"

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. थोरल्या नातवाला टायफॉइड झाला होता तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध. त्याला गुण आला होता. धाकट्याचं अंग तापलं म्हणून घरातली रिकामी बाटली दाखवून एका दुकानातून तशीच दुसरी आणली. दुकानदारानं ना चिठ्ठी मागितली, ना औषध कुणासाठी हे विचारलं. "थोरल्याला द्यायचो तसंच दिलं. चमचा चमचा, दिवसातनं चारदा." साठ मिलीची बाटली तिसऱ्या दिवशी तळाला गेली होती. लेबलावर नाव होतं क्लोरॅम्फेनिकॉल, एक अँटिबायोटिक.

ग्राइप वॉटर मी परत फळीवर ठेवलं आणि दुकान तसंच टाकून त्यांच्याबरोबर रिक्षात बसलो. त्या दिवसापासून काउंटरवर मी काय विचारतो, आणि घरच्यांनी काय विचारायला हवं, ते इथं लिहितो आहे.

आधी दिवस आणि ग्रॅम सांगा

दुकानात असो वा दवाखान्यात, "लहान बाळ आहे" एवढ्यावर थांबू नका. चार दिवसांचं बाळ आणि चार महिन्यांचं बाळ औषधाच्या हिशेबात दोन निराळी माणसं असतात. "आज नववा दिवस, वजन दोन किलो आठशे, पूर्ण दिवसांचं आहे" किंवा "आठव्या महिन्यात झालंय" असं सांगा. जन्माच्या वेळी मिळालेलं कार्ड पिशवीत ठेवा. वजन जन्माचं नको, आजचं हवं. पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतंच. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याजवळ वजनकाटा असतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. त्यांनी टिपलेला आकडा विचारून कार्डावर लिहून ठेवा.

आकड्यांचा एवढा आग्रह का, ते त्या बाटलीचाच हिशेब मांडून सांगतो. औषध पाच मिलीला १२५ मिलिग्रॅमचं होतं. थोरला दोन वर्षांचा, दहा किलोचा. दिवसाला चार चमचे म्हणजे ५०० मिलिग्रॅम, किलोमागे ५०. त्याच्या वयाला हे बरोबर होतं. तेच चार चमचे तीन किलोच्या बाळाला दिले की किलोमागे होतात १६५ च्या वर. पहिल्या दोन आठवड्यांतल्या किंवा दिवसांआधी जन्मलेल्या बाळाला हे औषध देण्याची वेळ आलीच, तर किलोमागे दिवसाला २५ मिलिग्रॅम ही हद्द पुस्तकांत दिलेली आहे, आणि तीही दवाखान्यात, रक्तातलं प्रमाण तपासत. तीन किलोच्या बाळाला ती पडते दिवसभरात मिळून तीन मिली. आक्कांच्या हातून वीस मिली जात होतं. मायेनं जात होतं, म्हणूनच त्यांना दोष द्यायला माझी जीभ आजही वळत नाही. दोष ज्यानं बाटली न विचारता हातात ठेवली त्याचा.

बाळाचं यकृत अजून कामाला लागलेलं नसतं

जन्मल्यावर दोन-तीन दिवसांनी बाळ पिवळं दिसतं, हे आपल्याकडं प्रत्येक घरात माहीत असतं. पिवळेपणाचा जो रंग असतो, त्याला विरघळवून बाहेर टाकायचं काम यकृतातल्या एका जातीच्या विकरांकडं (एन्झाइमांकडं) असतं, आणि ती विकरं पहिल्या दिवसांत पुरेशी तयार झालेली नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल निकामी करून बाहेर काढायचं कामही त्याच घराण्यातल्या विकरांचं. मूत्रपिंडंही कच्ची असतात. म्हणजे ज्या कारणानं बाळ पिवळं पडतं, साधारण त्याच कारणानं हे औषध त्याच्या अंगात साठत जातं.

किती साठतं? मोठ्या माणसाच्या रक्तातलं हे औषध साधारण चार तासांत निम्मं होतं. एक-दोन दिवसांच्या बाळात निम्मं व्हायला चोवीस तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. दहा ते सोळा दिवसांच्या बाळात दहाएक तास. आता दर सहा तासांनी शंभर भाग औषध देतोय असं धरा. मोठ्या माणसात दुसऱ्या डोसच्या वेळी आधीचे पस्तीस भाग उरलेले असतात आणि साठा दीडशेच्या आसपास येऊन थांबतो. ज्या बाळाला चोवीस तास लागतात त्याच्यात दुसऱ्या डोसला १८४, चौथ्याला ३१४, दोन दिवस पुरे झाले की पाचशेच्या जवळ, आणि पुढं सहाशेच्या वर. प्रत्येक चमचा आधीच्या चमच्यावर चढत जातो. पहिल्या दिवशी बाळ बरं दिसतं, घरच्यांना वाटतं औषध मानवलं, आणि त्रास दिसायला लागतो दुसऱ्या ते नवव्या दिवसाच्या मधे कधीतरी.

हृदयाचं काय होतं

आपल्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया नावाचे बारीक भाग असतात. अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून पेशीला लागणारी शक्ती तिथं तयार होते. फार फार पूर्वी हे भाग स्वतंत्र जिवाणू होते, असं शास्त्रज्ञ मानतात. त्यांच्या आत प्रथिनं बनवायचं जे यंत्र आहे, ते आजही जिवाणूंच्या यंत्राशी मिळतंजुळतं आहे. क्लोरॅम्फेनिकॉल जिवाणूचं हेच यंत्र अडवून त्याला नामोहरम करतं. प्रमाण वाढलं की ते आपल्या मायटोकाँड्रियांचंही यंत्र अडवतं. तिथं तेरा प्रथिनं बनतात, आणि तेराच्या तेरा शक्ती तयार करणाऱ्या साखळीतली आहेत. औषध खूप साठलं तर त्या साखळीतल्या कामावर थेटही घाला घालतं.

हृदयाला याचा फटका मोठा बसतो, कारण ते क्षणभरही विसावत नाही. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियांनीच भरलेला असतो. पोटात असताना बाळाचं हृदय मुख्यतः साखर आणि लॅक्टेटवर चालतं; जन्मल्यावर ते दुधातल्या स्निग्धावर चालायला शिकतं, आणि त्यासाठी मायटोकाँड्रियांवरच सगळी भिस्त असते. हा बदल घडत असतो त्याच दिवसांत हे औषध आत शिरतं. हृदय धडधडतं, पण त्याचं आकुंचन लुळं पडतं. रक्तदाब उतरतो. शरीर उरलंसुरलं रक्त मेंदूकडं, हृदयाकडं वळवतं आणि कातडीकडचं कमी करतं. तो राखेचा रंग तिथून येतो. शक्ती नीट तयार होत नाही म्हणून रक्तात आम्ल साठतं आणि ते बाहेर टाकायला बाळ भराभर श्वास घेतं.

याला नाव मिळालं ग्रे बेबी सिंड्रोम, राखाडी बाळाचा आजार. हे औषध व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं आणि १९४७ साली जगापुढं आलं. टायफॉइडवर तोवर इलाज नव्हता, त्यामुळं ते संजीवनीसारखं वापरलं गेलं. पुढं अमेरिकेत, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दिवसांआधी जन्मलेल्या बाळांनाही मोठ्या प्रमाणात दिलं जाऊ लागलं. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी हिशेब मांडला, तेव्हा औषध न दिलेल्या गटात साधारण पाचातलं एक बाळ दगावलं होतं आणि हे औषध दिलेल्या गटात निम्म्याहून जास्त. वाचवायला दिलेलं औषध होतं ते. मी हा भाग शिकाऊ पोरांना दरवर्षी सांगतो, आणि सांगताना दरवर्षी घसा दाटतो.

बाळाकडं कसं बघायचं

कुठलंही औषध चालू असो किंवा नसो, पहिल्या महिन्यात दिवसातून दोनदा बाळ उजेडात आणून उघडं करून बघा. पिवळ्या बल्बखाली रंग कळत नाही. दाराशी, उंबऱ्यापाशी या. आपल्याकडची बरीच बाळं सावळी असतात, तेव्हा गालावर विसंबू नका. ओठ, जीभ, हिरड्या, तळहात, तळपाय बघा. आईच्या तळहाताला बाळाचा तळपाय लावून बघितला तर फरक लगेच दिसतो. हातपाय थोडे निळसर गार असणं पहिल्या एक-दोन दिवसांत चालतं. जीभ किंवा ओठ निळे, किंवा सगळं अंग राखाडी, हे कुठल्याच दिवशी चालत नाही.

मग छातीपोटाकडं बघा. घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळाचा श्वास एका चालीनं नसतोच. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हाही साठ किंवा जास्त आले तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

या औषधाचा त्रास ज्या क्रमानं येतो तो साधारण असा: आधी दूध ओढायचं कमी होतं, उलटी होते, पोट फुगतं. इथंच घरातले फसतात, कारण पोट फुगणं म्हणजे गॅस आणि गॅस म्हणजे ग्राइप वॉटर. मग श्वास वाढतो, अडखळतो. शौच पातळ हिरवी होते. पुढं चोवीस तासांत अंग लुळं, गार आणि राखाडी. त्रास सुरू झाल्यापासून बाळ दगावायला दोन दिवसही पुरतात. पण वेळेत औषध थांबलं तर बरीच बाळं पूर्ण बरी होतात.

रक्तात जंतू पसरले तरी बाळ असंच दिसतं. दूध नको, अंग गार, पोट फुगलेलं. हे औषधामुळं की आजारामुळं, हे घरी ठरवत बसू नका. दोन्हींचा रस्ता एकच, दवाखाना. १०८ ला फोन करा. पुढचा डोस डॉक्टरांनी बाळ बघेपर्यंत देऊ नका, आणि त्याच्या बदली घरातलं दुसरं काहीही पाजू नका. टोपडं घाला, बाळ आईच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून दोघांना पांघरूण घ्या. ओढत नसेल तर जबरदस्तीनं दूध घालू नका, फुप्फुसात जातं. औषधाची बाटली, डबी, ड्रॉपर, चिठ्ठी सगळं बरोबर घ्या, बाटली रिकामी असली तरी. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. पैशाची जुळणी होईपर्यंत थांबू नका. साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, इकडं सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

त्या दिवशी रिक्षात मी आक्कांना डोसच्या वेळा विचारत होतो. घड्याळ त्यांना वाचता येत नव्हतं. "पयला डोस धारा काढून आल्यावर, मग पोरं शाळेला गेल्यावर, मग जनावरं परत आली तवा, मग निजायच्या वक्ताला." बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ते तसंच लिहिलं आणि शेजारी अंदाजे तास टाकले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, शेवटचा डोस कधी. कागद पुढं केला. औषध बंद, ऊब, प्राणवायू, आम्ल उतरवायची सलाईन, आणि संध्याकाळी बाळाचं रक्त थोडं थोडं काढून बदली रक्त चढवलं. कावीळ फार चढली तर करतात तोच उपाय. त्यानं साठलेलं औषध बाहेर निघतं. तिसऱ्या दिवशी बाळानं चोखायला सुरुवात केली. बारसं महिना उलटून झालं. पेढे द्यायला आक्का दुकानात आल्या तेव्हा त्यांनी तो कागद परत मागितला, देव्हाऱ्यात ठेवायला.

आता दुकानातलं

आज नवजात बाळाला क्लोरॅम्फेनिकॉल कोणी सहसा लिहीत नाही. पण डोळ्यांत, कानात घालायच्या औषधांत ते अजून भेटतं, आणि पुष्कळ घरांत मोठ्यांसाठी आणलेली एखादी ट्यूब किंवा थेंबांची बाटली पडलेली असते. बाळाचे डोळे चिकटले म्हणून ती वापरू नका. डोळ्यातून अंगात जाणारं प्रमाण थोडं असतं हे खरं, पण नवजात बाळाच्या डोळ्याला घाण येणं हे डॉक्टरांनीच बघायचं दुखणं आहे.

घरातल्या दुसऱ्या बाटल्यांनाही हाच नियम. पहिल्या दोन आठवड्यांत एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन पोटात गेलं तर काही बाळांत जठराचं आतड्याकडचं तोंड आवळलं जाण्याचा धोका वाढतो. उलटी कारंज्यासारखी लांब उडते. सेफ्ट्रायॅक्सोन हे इंजेक्शन मोठ्यांना सर्रास देतात, पण फार पिवळ्या बाळाला ते चालत नाही, आणि अठ्ठावीस दिवसांच्या आत शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तरही नाही. दोन्ही मिळून साका बनतो आणि तो फुप्फुसांत, मूत्रपिंडांत अडकून बाळं गेल्याची नोंद आहे. म्हणून डॉक्टर बदलले तर आधीच्या दवाखान्यात काय काय टोचलं, सलाईनमध्ये काय होतं, त्याचा कागद मागून घ्या. मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलंच तर काउंटरवर चार गोष्टी करून घ्या. लेबलावरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खालच्या बारीक अक्षरातलं औषधाचं नाव चिठ्ठीशी जुळवून घ्या. एका नावाचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असते, तेव्हा "एका मिलीत किती मिलिग्रॅम" ते वाचून दाखवायला सांगा. डोस मिलीत लिहून घ्या, चमच्यात नाही. माझ्या घरातलेच चमचे मी मोजले, तर एक तीन मिलीचा निघाला आणि एक सातचा. सुईशिवायची एक मिलीची सिरिंज मागा आणि तिच्यावर, जिथपर्यंत औषध भरायचं तिथं, दुकानदाराकडून पेननं रेघ मारून घ्या. दशांशाचा टिंब फार घातकी, ०.५ च्या जागी ५ वाचलं की दहापट. "अर्धा मिली" असं अक्षरांत लिहून द्यायला लावा. पूड असलेली बाटली असेल तर उकळून गार केलेलं पाणी घाला, आधी बाटली आपटून पूड मोकळी करा, खुणेपर्यंत भरा, फेस बसला की पुन्हा खूण बघा. बहुतेक अशी औषधं कालवल्यापासून सात दिवसच टिकतात. कालवल्याची तारीख बाटलीवर लिहा.

आणि एक गोष्ट कळवळून सांगतो. हे सगळं वाचून डॉक्टरांनी विचार करून दिलेलं अँटिबायोटिक मधेच बंद करू नका. नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरले तर औषधाशिवाय ते वाचत नाही. अँपिसिलिन, जेंटामायसिन ही औषधं नवजात विभागात वजन आणि दिवस बघून, ठरलेल्या अंतरानं देतात आणि त्यांनी असंख्य बाळं वाचली आहेत. भीती औषधाची नको. आकडा न विचारता दिलेल्या औषधाची हवी.

२०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी ओसरल्यावर मी एका छावणीत औषधं वाटायला बसलो होतो. लोकांनी प्रेमानं पाठवलेल्या खोक्यांत निम्म्या बाटल्यांना लेबलच नव्हतं, पाण्यानं निघून गेलेलं. एक ओली बाळंतीण सहा दिवसांचं लेकरू घेऊन रांगेत उभी होती, हातात तसलीच एक बाटली, शेजारणीनं दिलेली. मी ती घेतली आणि तिच्यासमोर ओतून टाकली. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. मग दोघं मिळून बाळाचे श्वास मोजले. बेचाळीस आले. तळपाय गुलाबी होते, दूध पीत होतं. त्याला कुठलंच औषध लागणार नव्हतं.

लेक माहेरी बाळंतपणाला यायची असेल, तर ती यायच्या आधी एक दुपार काढा आणि फडताळ, देवळी, फ्रिजचं दार उपसा. उरलेली सिरपं, कालवलेल्या बाटल्या, लेबल गेलेल्या ट्यूबा बाजूला काढा. राखेत किंवा मातीत कालवून पिशवीत बांधून टाका, लेबल खरवडून. रिकाम्या बाटल्याही ठेवू नका.